‘अपुनर्भव’ : धातुभस्माची एक जुनी कसोटी आणि देहांतील सूक्ष्म धातुकणांचें वर्तन

१

रसशास्त्राच्या ग्रंथांत धातुभस्माच्या परीक्षा सांगतांना ‘अपुनर्भव’ असा एक पारिभाषिक शब्द येतो. मारलेला धातु पुन्हा आपल्या मूळ रूपास येतो कीं नाहीं, हें ताडून पाहण्याची ती कसोटी होय. मोक्षशास्त्रांत हाच शब्द ज्या अवस्थेनंतर पुनर्जन्म नाहीं तिला लावतात. धातूस मरण यावें आणि तें कायमचें असावें, म्हणजेच तो देहांत उपकारक होईल, अशी रसवैद्यांची धारणा या शब्दांत सांठविलेली आहे. प्रस्तुत लेखांत या कसोटीचा विचार आम्ही दोन अंगांनीं करणार आहों. ग्रंथांत ती कशी सांगितली आहे व तीवरून नेमकें काय सिद्ध होतें, हें पहिलें अंग. आणि धातूचे अतिसूक्ष्म कण देहांत शिरल्यावर त्यांचें पुढें काय होतें, याविषयीं गेल्या दीडशें वर्षांत जी माहिती हातीं आली तिच्याशीं ही कसोटी कितपत जुळते, हें दुसरें.

हा विषय आज घेण्यास कारण आहे. भस्मांविषयीं अलीकडे दोन टोकांचीं मतें हिरिरीनें मांडलीं जातात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, भस्म म्हणजे आजच्या शास्त्रज्ञांचे नॅनोकणच असून ही विद्या आमच्या पूर्वजांस करतलामलकवत् होती. दुसऱ्या पक्षास भस्म म्हणजे अडाणीपणानें दिलेलें विष यापलीकडे कांहींच दिसत नाहीं. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा, पण ग्रंथ आणि प्रयोग यांची साक्ष शेजारीं शेजारीं ठेवून तपासण्याचे श्रम थोड्यांनीं घेतले आहेत. हा वाद केवळ पंडितांचा असता तर त्यास फारसें महत्त्व नसतें. परंतु हीं औषधें लोक पोटांत घेतात, मुलांसही देतात. म्हणून येथें वकिली न करतां साक्षीपुरावा पाहणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें कर्तव्य ठरतें.

२

रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ वाग्भटाच्या नांवावर मोडतो. अष्टांगहृदयाचा कर्ता वाग्भट तो हा नव्हे. हा ग्रंथ बराच मागाहूनचा, तेराव्या शतकाच्या आसपासचा, असें अभ्यासक सामान्यतः मानतात. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेनें तो आपल्या संस्कृत ग्रंथावलींत छापून उपलब्ध केला, आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राचा जो इतिहास इ. स. १९०२ व १९०९ या सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला त्यांत या ग्रंथास मोठें स्थान दिलें. ग्रंथाचा आठवा अध्याय परिभाषेचा आहे. आमच्या विषयास लागणारे शब्द त्यांत आलेले आहेत.

भस्म करण्याची रीति थोडक्यांत अशी. धातूचे पातळ पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा यांत वारंवार विझवावयाचे, हें शोधन. त्यानंतर पारा, गंधक किंवा वनस्पतींचे रस घालून खलावें, त्याच्या चकत्या करून वाळवाव्या, त्या दोन शरावांच्या संपुटांत कापडमातीनें बंद करून गोवऱ्यांच्या पुटांत भाजाव्या; हें मारण. कोणत्या धातूस कुक्कुटपुट, कोणत्यास वराहपुट, कोणत्यास गजपुट, याचे नियम आहेत, आणि पुटांची संख्या कधीं कधीं शेंकड्यावर जाते.

सिद्ध झालेल्या भस्माच्या परीक्षा मुख्यतः चार. अंगठा व तर्जनी यांत चोळलें असतां भस्म बोटांच्या रेषांत शिरून बसलें तर तें रेखापूर्ण. शांत पाण्यावर टाकलें असतां तरंगलें तर तें वारितर. गूळ, गुंजा, टंकण, मध व तूप यांच्यासह मुशींत घालून फुंकलें तरी धातु परत निघाला नाहीं तर तें अपुनर्भव. आणि रुप्याच्या तुकड्यासह तापविलें असतां रुप्याचें वजन वाढलें नाहीं, म्हणजे त्यास कांहीं चिकटलें नाहीं, तर तें निरुत्थ.

या चार परीक्षांपैकीं शेवटच्या दोहोंकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. गूळ, मध व तूप हीं जळतांना कोळसा होतो व तो भस्मांतील प्राणवायु ओढून घेतो. टंकण धातूचा मळ वितळवून त्याचे कण एकत्र येऊं देतें. म्हणजे धातूस परत आणण्यास जें जें अनुकूल तें तें मुद्दाम मुशींत घालून, तरीही तो येत नाहीं ना, असें येथें विचारलेलें आहे. प्रतिपक्षास पूर्ण संधि देऊन मग निर्णय करण्याची ही पद्धति आहे. निरुत्थाच्या परीक्षेंत तर निर्णय तराजूवर सोपविला आहे. ग्रंथकारांनीं ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढेंच म्हटलेलें नाहीं. वैद्याच्या हातीं साधन दिलें आहे. ही गोष्ट त्यांच्या पदरीं घातलीच पाहिजे.

३

आतां या परीक्षांनीं काय सिद्ध होत नाहीं तें पाहूं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश, आणि एक ते शंभर नॅनोमीटर मापाच्या कणांस नॅनोकण म्हणण्याचा परिपाठ आहे. नुसत्या डोळ्यांस सुमारें एक-दशांश मिलिमीटरपेक्षां बारीक वस्तु स्वतंत्रपणें दिसत नाहीं. हें माप म्हणजे एक लक्ष नॅनोमीटर. बोटांच्या रेषांची रुंदीही याहून कमी नाहीं. तेव्हां रेखापूर्ण परीक्षेनें भस्म पिठासारखें बारीक आहे एवढेंच कळतें. त्याचा कण नॅनोकणाहून हजारपट मोठा असला तरीही तें या परीक्षेस उतरेल. वारितराचीही तीच गोष्ट. सोनें पाण्याच्या एकोणीसपटींहून अधिक जड असतें. त्याची पूड तरंगते ती हलकी झाली म्हणून नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण बारीक कणांस तोलून धरतो म्हणून. सोन्याचा वर्खही असाच तरंगतो. म्हणून या दोन परीक्षांच्या आधारें पूर्वजांस नॅनोकणांचें ज्ञान होतें असें म्हणणें हें पुराव्याच्या पुढें धांवणें होय.

मात्र ज्ञान नसतांही वस्तु हातून घडूं शकते. इ. स. २००७ सालीं सुवर्णभस्माच्या तपासणीचा एक वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यांत सुमारें ५६ ते ५७ नॅनोमीटर मापाचे गोलसर कण एकमेकांस चिकटून पुंजके झालेले आढळले. अर्थात् भस्मांत नॅनोकण असूं शकतात हें खरें. परंतु त्याच तपासणींत दुसरी गोष्टही निघाली, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. हे कण धातुरूप सोन्याचेच होते. जसदाच्या भस्मांत जसदाचा व लोहाच्या भस्मांत लोखंडाचा प्राणवायूशीं संयोग झालेला असतो. तेथें धातु खरोखर रूप पालटतो. सोन्याचें तसें झालेलें नाहीं. तें मेलें नव्हतें, अतिशय बारीक झालें होतें.

शिवाय ग्रंथांतील कृति आणि बाजारांतील पुडी यांत अंतर असतें. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या परिसरांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी इ. स. २००४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल यांपैकीं कांहीं ना कांहीं आढळलें. ग्रंथाच्या थोरवीनें या आंकड्यांस उत्तर होत नाहीं. तसेंच या आंकड्यांनीं ग्रंथांतील परीक्षाही खोट्या ठरत नाहींत. दोन्ही साक्षी आपापल्या जागीं ठेवल्या पाहिजेत.

४

युरोपांतही सोनें पिण्याचा नाद जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं लंडन येथें फ्रान्सिस अँथनी हा ‘पेय सुवर्ण’ विकीत असे, आणि परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल तेथील वैद्यमंडळानें त्यास शासन केलें होतें. अशा द्रवांत सोनें कोणत्या रूपानें असतें याचा उलगडा मात्र फार उशीरां झाला. मायकेल फॅरडे यानें इ. स. १८५७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें सोन्याच्या द्रवांवरील आपले प्रयोग मांडले. सोन्याच्या क्षारावर स्फुरदाची क्रिया करून त्यानें माणकासारखा लाल द्रव मिळविला, आणि त्यांत सोनें विरघळलेलें नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगत असतें, असा सिद्धांत केला. ते कण त्यास कोणत्याही सूक्ष्मदर्शकांतून दिसले नाहींत. द्रवांतून जाणारा प्रकाशाचा झोत ज्या रीतीनें उजळतो तीवरून त्यानें हें अनुमान बांधलें. त्याच्या हातच्या कांहीं कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जपून ठेवल्या आहेत.

इ. स. १८६१ सालीं टॉमस ग्रॅहम यानें अशा द्रव्यांस ‘कोलॉइड’ हें नांव दिलें. मराठींत त्यांस आपण कलिल म्हणतों. पुढें रिचर्ड झिग्मंडी व हेन्री सीडेनटॉफ यांनीं अतिसूक्ष्मदर्शक यंत्र सिद्ध केलें, तेव्हां फॅरडेचे कण प्रकाशाच्या ठिणग्यांप्रमाणें प्रथम दृष्टीस पडले. झिग्मंडी यास इ. स. १९२५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा प्रकारें कण बाहेर कसे असतात हें कळलें. देहांत त्यांचें काय होतें हा प्रश्न उरला.

५

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा एका योगायोगानें सांपडला. इ. स. १८७६ सालीं कार्ल फॉन कुप्फर हा यकृताचे पातळ काप सोन्याच्या क्षारानें रंगवून तपासत असतां त्यास तारकाकृति पेशी आढळल्या. त्यांचें खरें कार्य मागाहून उमगलें. रक्तांतून वाहत येणारे परके कण टिपून गिळणाऱ्या ज्या यकृतपेशी कुप्फरच्या नांवानें ओळखल्या जातात, त्या मात्र या तारकाकृति पेशींहून निराळ्या. इल्या मेच्निकॉफ यानें इ. स. १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें पेशी परक्या वस्तूस वेढून गिळतात ही गोष्ट दाखविली, आणि तीबद्दल त्यास इ. स. १९०८ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. रक्तांत सोडलेल्या धातुकणांचा मोठा वांटा याच भक्षक पेशींकडून यकृत व प्लीहा यांत सांठविला जातो. 

देहांतील कणाची गति मुख्यतः त्याच्या मापावर ठरते. सुमारें साडेपांच नॅनोमीटरांहून लहान कण मूत्रपिंडाच्या गाळणींतून पार होऊन मूत्रावाटें जातात, असें इ. स. २००७ सालच्या प्रयोगांत दिसून आलें. त्याहून मोठ्यांस ती वाट बंद. शिवाय कण रक्तांत शिरतांच रक्तांतील प्रथिनें त्याच्या अंगास चिकटून त्याभोंवतीं एक कवच होतें, आणि पेशी त्यास ओळखते ती या कवचावरून. म्हणजे प्रयोगशाळेंत केलेला कण आणि देहांत फिरणारा कण या दोन वेगळ्या वस्तु होत. मुखावाटें घेतलेल्या कणांची स्थिति आणखी निराळी. त्यांतील बहुतेक आंतड्यांतून तसेच बाहेर पडतात. शिरेंत टोंचलेल्या औषधाचा अनुभव खाल्लेल्या भस्मास जसाच्या तसा लावतां येत नाहीं, हें येथें सांगून ठेवतों.

कण बाहेर न पडल्यास काय अनर्थ होतो याचें उदाहरण इतिहासानें एकदां फार कठोरपणें घालून दिलें आहे. जर्मनींत तयार होणारें थोरोट्रास्ट नांवाचें औषध इ. स. १९३० च्या सुमारास प्रचारांत आलें. थोरियम धातूच्या भस्माचें तें कलिल होय. क्ष-किरणांच्या चित्रांत रक्तवाहिन्या स्पष्ट उमटाव्या म्हणून तें शिरेंत टोंचीत. लिस्बनचे प्रसिद्ध वैद्य एगास मोनिश यांनींही मेंदूच्या वाहिन्यांच्या चित्रणासाठीं तें वापरलें. चित्रें उत्तम येत, रोग्यास तत्काळ त्रास होत नसे, म्हणून तें सर्वत्र पसरलें. परंतु थोरियम किरणोत्सर्गी. आणि त्याचे कण यकृतांत व प्लीहेंत एकदां बसले म्हणजे जन्मभर तेथेंच राहत. वीस-तीस वर्षांनीं या रोग्यांत यकृताचे कर्करोग दिसूं लागले. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल व जपान या देशांत अशा रोग्यांची पुढें अनेक वर्षें टिपणें ठेवण्यांत आलीं, आणि त्यांतून हा कार्यकारणभाव निःसंशय ठरला. जें भस्म कोणत्याही मुशींत सहसा धातुरूपास येत नाहीं, जें पक्कें अपुनर्भव, तेंच देहांत घातक ठरलें. न पालटणें हा गुण नेहमींच गुण नसतो, हा धडा थोरोट्रास्टनें शिकविला.

६

रुप्याची कथा याच्या उलट आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अपस्मारावर रुप्याचा क्षार महिनेच्या महिने पोटांत देत, आणि त्या रोग्यांपैकीं कित्येकांची कातडी निळसर करडी होई. पाश्चात्य वैद्य या विकृतीस आर्जिरिया म्हणतात. आपण तीस रजतश्यामता म्हणूं. विशेष हें कीं, कपड्याखालीं झांकलेल्या अंगापेक्षां उन्हास उघडा असणारा चेहरा व हात अधिक काळवंडत. इ. स. १८९७ सालीं ड्रेस्डेनच्या बेनो क्रेडे यानें रुप्याचें कलिल जंतुघ्न म्हणून प्रचारांत आणलें, आणि जंतुनाशक नव्या औषधांचा उदय होईपर्यंत अशा द्रवांचा खप मोठा होता. अमेरिकेच्या औषधखात्यानें इ. स. १९९९ सालीं, डॉक्टरी चिठ्ठीवांचून विकलीं जाणारीं रुप्याच्या कलिलाचीं औषधें निर्धोक व गुणकारी मानतां येत नाहींत, असा निर्णय दिला.

कातडींतील तो काळा कण येतो कोठून? पूर्वीं अशी समजूत होणें स्वाभाविक होतें कीं, प्यालेला रुप्याचा कण तसाच वाहत जाऊन कातडींत रुतत असावा. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २०१२ सालीं जें दाखविलें त्यावरून प्रकार निराळा दिसतो. जठरांतील आम्लांत रुप्याचा कण झिजून विरघळतो; विरघळलेलें रुपें प्रथिनांतील गंधकयुक्त भागास चिकटून रक्तावाटें देहभर हिंडतें; कातडीपाशीं पोंचल्यावर सूर्यप्रकाशाच्या योगानें त्याचे पुन्हा धातुरूप कण बनतात; आणि मग त्यांचा गंधकाशीं व सेलेनियमशीं संयोग होऊन ते न विरघळणारे व टिकाऊ होतात. प्यालेला कण आणि कातडींतील कण हे एक नव्हेत. एकाचें मरण होऊन दुसऱ्याचा जन्म झालेला असतो. छायाचित्राच्या कांचेवर रुप्याचा क्षार उजेडानें काळा होतो, तीच क्रिया येथें जिवंत माणसाच्या त्वचेंत घडते.

७

सोनें तर सर्व धातूंत अचल मानलेलें. इ. स. १८९० सालीं बर्लिनच्या वैद्यपरिषदेंत रॉबर्ट कॉख यानें सोन्याच्या एका क्षारानें क्षयाच्या जंतूंची वाढ खुंटते असें सांगितलें, आणि तेथून सुवर्णचिकित्सेचें आधुनिक पर्व सुरू झालें. क्षयावर तिचा उपयोग ठरला नाहीं. पण फ्रान्सचे झाक फॉरेस्टिए यांनीं इ. स. १९२९ सालीं संधिवातावर ती लागू केली व पुढें अनेक दशकें ती चालली. हे क्षार विरघळणारे. त्यांत सोन्याचा कण नसे. तथापि दीर्घकाळ ते घेतलेल्या रोग्यांच्या पेशी तपासल्या तेव्हां पेशींतील पचनकोशांत सोन्याचे सूक्ष्म सांठे आढळले. विरघळलेलें सोनें देहानें पुन्हा घनरूपास आणलें होतें.

घन सोनें देहांत विरघळतें कीं नाहीं, हा उलट प्रश्न इ. स. २०२० सालीं पॅरिसच्या संशोधकांनीं सोडविला. मनुष्याच्या संयोजक पेशींस ४ ते २२ नॅनोमीटर मापाचे सुवर्णकण देऊन त्यांनीं त्या पेशी सहा महिने पाहिल्या. पेशींनीं तयार केलेल्या प्राणवायूच्या उग्र संयुगांनीं ते कण हळूहळू झिजले, लहान कण आधीं झिजले. आणि विरघळलेलें सोनें पुन्हा सुमारें अडीच नॅनोमीटर मापाच्या कणांच्या रूपानें गोळा झालें. हे नवे कण व सुवर्णचिकित्सेच्या रोग्यांतील जुने सांठे यांत विलक्षण साम्य आढळलें. प्रयोग कांचपात्रांतील पेशींवर झाला हें खरें, पण त्याची साक्ष आणि रोग्यांच्या देहाची साक्ष परस्परांस न विचारतां एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात. बखरीतील मजकुरास दप्तरांतील स्वतंत्र कागदाचा दुजोरा मिळावा, तसा हा प्रकार आहे.

लोखंडाविषयींही असेंच निघालें. देहांत लोखंड ठेवण्याचें भांडार म्हणजे फेरिटिन हें प्रथिन. तें प्राग येथील विलेम लाउफबर्गर यांनीं इ. स. १९३७ सालीं शोधून काढलें. त्याच्या पोटांतील पोकळी अवघ्या आठ नॅनोमीटरची, पण तींत सुमारें साडेचार हजारांपर्यंत लोहपरमाणु मावतात. बाहेरून दिलेल्या चुंबकीय लोहकणांचा पेशी विध्वंस करतात व त्यांतील लोखंड या भांडारांत भरतात. इ. स. २०१९ सालीं मनुष्याच्या मूळ पेशींत असेंही दिसलें कीं, असा विध्वंस झाल्यावर कांहीं पेशी त्याच लोखंडापासून पुन्हा चुंबकीय कण घडवितात. पुनर्भव या शब्दास याहून समर्पक उदाहरण कोणतें असणार?

८

एवढ्या साक्षीवरून आमचे निष्कर्ष पुढीलप्रमाणें आहेत. पहिला : रसग्रंथांतील परीक्षांवरून नॅनोकणांचें ज्ञान सिद्ध होत नाहीं, तथापि भस्माच्या कृतीनें असे कण घडूं शकतात. दुसरा : धातु रूप पालटतो कीं नाहीं हा औषधाच्या बाबतींत महत्त्वाचा प्रश्न आहे हें रसवैद्यांनीं ओळखलें, व तो प्रतिकूल परिस्थितींत पारखून पाहण्याची रीति घालून दिली. हें त्यांचें खरें श्रेय असून तें नॅनोकणांच्या उसन्या अलंकारापेक्षां मोलाचें आहे. तिसरा : त्यांनीं ही परीक्षा मुशींत घेतली, आणि मूस म्हणजे देह नव्हे. जें मुशींत मेलेलें ठरलें तें देहांत पुन्हा उठूं शकतें. जें मुशींत अमर त्या सोन्यासही देह विरघळवितो. आणि जें कोठेंच पालटत नाहीं तें, थोरोट्रास्टप्रमाणें, सर्वांत भयंकर ठरूं शकतें. म्हणून भस्म अपुनर्भव आहे एवढ्यावरून तें निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं, आणि तें धातूचें आहे एवढ्यावरून तें विषच असेंही ठरत नाहीं. प्रत्येक भस्माचा, प्रत्येक मात्रेचा व प्रत्येक मार्गाचा निर्णय स्वतंत्रपणेंच झाला पाहिजे.

शेवटीं एक विनंति. महाराष्ट्रांतील जुन्या वैद्यघराण्यांत भस्मांच्या कृतींचीं हस्तलिखित बाडें असतात, आणि त्यांत पुटांची संख्या, वनस्पतींचीं स्थानिक नांवें, गोवऱ्यांचें माप, असा छापील ग्रंथांत न येणारा तपशील सांपडण्याचा संभव असतो. ज्यांच्या घरीं अशीं बाडें असतील त्यांनीं तीं वाळवीच्या तोंडीं न देतां त्यांच्या नकला करवून घ्याव्या. तो तपशील आणि आजचीं उपकरणें एकत्र आल्यावांचून हा वाद मिटणार नाहीं. जुन्या वैद्यांनीं निर्णय तराजूवर सोपविला होता. त्यांच्या वारसांनीं तो गर्जनेवर सोपवूं नये.